कागदी गांधीलमाशीचे नर: जुनी खोकी लावून घेण्याच्या नोंदी

आमच्या उपनगरातल्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात गांधीलमाश्यांची जुनी खोकी पडून आहेत. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पकडून आणलेल्या माश्या टाचणीला लावल्यात आणि चिठ्ठीवर ‘पॉलिस्टिस, जात अनिश्चित’ किंवा ‘रोपॅलिडिया, जात अनिश्चित’ एवढंच लिहिलंय, म्हणजे फक्त प्रजातीचं नाव, जात नाही. नरांची जननांगं काढून, साफ करून, एकमेकांशी ताडून या खोक्यांतल्या जाती वेगळ्या करता येतात का, हे बघायला हे काम काढलं. कुठल्या कॉलेजात असंच कोणी बसणार असेल तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी.

नराच्या जननांगावरून कीटकाची जात ओळखणं काही नवीन नाही. ल्यों द्युफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, म्हणजे नराचं जननांग आपल्याच जातीच्या मादीत बसतं, १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी मादीच्या निवडीकडे बोट दाखवलं. तो वाद इथे नको. इथे फक्त हात काळे करण्याची गोष्ट आहे.

२२ जून २०२४

खोकी उघडली. डांबरगोळीचा वास, दोन खोक्यांत बुरशी, एकात भुंग्यांच्या अळ्यांनी पाडलेला भुसा. जे वाचलं त्यातून नर वेगळे काढायला बसलो.

निकष सोपे आहेत. नराच्या मिशीला १३ भाग, मादीच्या १२. नराच्या पोटाचे ७ खंड दिसतात, मादीचे ६. नराला नांगी नसते, कारण नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याचाच बदललेला अवयव. पॉलिस्टिसच्या नराच्या मिशीचं टोक बहुधा आत वळलेलं असतं आणि तोंड चपटं, फिकट दिसतं. पण जुन्या नमुन्यांत मिश्या अर्ध्याच उरलेल्या, त्यामुळे मोजायचं काय? शेवटी पोटाचे खंडच मोजत गेलो, तेही भिंगाखाली प्रत्येकाला खालून उजेड देऊन.

नर अगदी थोडे निघाले. यात आश्चर्य नाही. पोळ्यावर जाळं मारलं की कामकरी माद्याच हाती लागतात.

रंगावर भिस्त ठेवायची नाही हे याच दिवशी ठरलं. एका खोक्यातल्या माश्यांचे पट्टे लालसर विटकरी होते आणि आम्हाला क्षणभर वेगळी जात सापडल्यासारखं वाटलं. मग खोक्याच्या झाकणावरची जुनी नोंद वाचली: सायनाइडची बाटली. सायनाइडच्या वाफेत जास्त वेळ राहिलेल्या गांधीलमाशीचा पिवळा रंग लाल होतो. म्हणजे ती जात नव्हे, तो मारण्याच्या पद्धतीचा डाग होता. असं खोकं ज्याच्याकडे असेल त्याने रंगावर बेतलेली ओळख-किल्ली, म्हणजे लक्षणं बघत जात ठरवायची यादी, त्याला लावूच नये.

२९ जून

ताजे नर हवेत. कुठून आणायचे?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथून काहीही उचलायचं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. ती प्रक्रिया या काळात बसणार नव्हती. त्यापेक्षा हाऊसिंग सोसायट्या बऱ्या. एसीचं बाहेरचं यंत्र, खिडकीच्या ग्रिलचा वरचा कोपरा, गच्चीवरच्या टाकीचं झाकण, लिफ्टच्या मशीनरूमचं छत, या सगळ्या पोळ्यांच्या आवडत्या जागा. रहिवासी ती काढून टाकतातच. तेव्हा ओळखीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला: ‘पोळं काढण्याआधी आम्हाला कळवा, आम्ही फुकट काढून नेऊ.’

पहिल्या संध्याकाळी आलेले निरोप बहुतेक मधमाश्यांच्या पोळ्यांचे. एका काकांनी कुंभारमाशीच्या मातीच्या घराचा फोटो पाठवला. मग दुसऱ्या निरोपात चित्र जोडलं: उघड्या षट्कोनी खोल्या, करडा कागद, वर एक दांडा. त्यानंतर कामाचे फोन यायला लागले.

परदेशी लेखांत ‘उन्हाळ्याच्या अखेरीस नर मिळतात’ असं वाचून कॅलेंडर लावू नका. तिथे थंडीमुळे पोळं वर्षाकाठी संपतं. आपल्याकडे रोपॅलिडिया मार्जिनाटाची पोळी वर्षभर चालू राहू शकतात. बंगळुरूला राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माशीवर केलेल्या दीर्घ कामातून हेही कळतं की नर बाहेर आल्यावर जेमतेम आठवडाभर पोळ्यावर थांबतो आणि मग कायमचा निघून जातो. म्हणजे पोळ्यावर नर दिसणं हा नशिबाचा भाग.

८ जुलै

रात्रभर पाऊस, लोकल ठप्प. आदल्या दिवशी काढलेलं पोळं घरच्या फ्रीजरमध्ये श्रीखंडाच्या डब्यात. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाऊ नये’ लिहिलं तरी सासूबाईंनी झाकण उघडलंच. आता वेगळा छोटा फ्रीजर मिळेपर्यंत डब्याला सेलोटेप.

१३ जुलै

पहिला ताजा नर, बहुतेक पॉलिस्टिस ओलिव्हॅशियस. मोठी, पिवळी, मुंबईत सगळीकडे दिसणारी माशी.

लॅबमधल्या मामांनी तो जिवंत असतानाच चिमट्यात धरला होता आणि तो पोटाचं टोक वळवून वळवून चिमट्यावर मारत होता.

“मॅडम, हा डसतोय बघा!”

“मामा, नर आहे तो. त्याला नांगीच नाही.”

“मग टोचतंय काय?”

टोचतात ते पॅरामिअरच्या, म्हणजे जननांगाच्या बाहेरच्या दोन पाकळ्यांच्या, टोकाचे काटे. मामांचा प्रश्न भाबडा नव्हता. कुंभारमाशीच्या गटातल्या अँटेरहिंकियम गिबिफ्रॉन्स या जपानी जातीचे नर जननांगाच्या काट्यांनी बेडकांना टोचतात आणि काही बेडूक त्यांना तोंडातून सोडून देतात, असं कोबे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. आमचा नर त्याच प्रकारात मोडतो असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही, पण मामांनी नंतर प्रत्येक नर दोनदा तपासूनच धरला.

ताज्या नमुन्यात काम सोपं. गोठवून मारलेला नर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवायचा, पोटाच्या शेवटच्या खंडांवर बोथट चिमट्याने हलका दाब द्यायचा. कॅप्सूल, म्हणजे जननांगांचा सगळा कडक संच, अर्धी बाहेर येते. मग टोक वाकवलेली बारीक टाचणी कॅप्सूलच्या बुडाशी घालून सावकाश ओढायची. घाईने ओढलं की बुडाचं कडं, म्हणजे कप्युला, पोटातच राहतं आणि बाकीचं हातात येतं.

रोपॅलिडियात मात्र घोडं अडलं. तिच्या पोटाचा दुसरा खंड फुगीर आणि मोठा, त्यापुढचे खंड त्याच्यात ओढून घेतलेले. दाब दिला तर काहीच बाहेर येत नाही, जोर केला तर दुसऱ्या खंडाच्या कडेला तडा जातो. उपाय: आधी बारीक चिमट्याने मागचे खंड एकेक करून बाहेर ओढून घ्यायचे, मग टाचणी. एका नराला चहा गार होईपर्यंत वेळ लागतो, हे धरून चाला.

२० जुलै

जुने कोरडे नमुने नरम करायचे होते. प्रमाणित कृती अशी: झाकणाच्या डब्यात ओली वाळू, वर जाळी, जाळीवर नमुने, दोन-तीन दिवस. आम्ही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर पांढरा कापूस. जुलैतल्या मुंबईत डब्याबाहेरची हवाच इतकी दमट की आत बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही.

दुसऱ्या खेपेला वाळूत बुरशी रोखणारे थायमॉलचे खडे टाकले आणि एका रात्रीत नमुने बाहेर काढले. पॉलिस्टिसला तेवढं पुरलं. रोपॅलिडिया तशीच कडक. आता दुर्मीळ किंवा एकुलत्या एका जुन्या नराला डब्यात ठेवतच नाही. पोटाचं पूर्ण टोक अलगद सुटं करून थेट मांस विरघळवणाऱ्या कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकतो, आणि कॅप्सूल निघाल्यावर पोटाचे खंड त्याच टाचणीवरच्या पुठ्ठ्याला चिकटवतो. नमुना थोडा कुरूप दिसतो, पण काही हरवत नाही.

२७ जुलै

कॉस्टिक पोटॅश. हा आठवडा यातच गेला.

प्रिन्सेस स्ट्रीटवरून अर्धा किलोची बाटली आणली, साडेतीनशे रुपयांच्या आसपास. प्रमाण सगळीकडे एकच दिलेलं असतं: १० टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम. पहिल्या दिवशी द्रावण छान चाललं. आठवड्याने त्याच बाटलीतून त्याच वजनाने केलेलं दुसरं द्रावण इतकं मंद की रात्रभर ठेवूनही मांस सुटेना. वाटलं, ताकद कमी पडतेय, म्हणून एका नराची कॅप्सूल पाण्याच्या वाफेवर तापवली. झाली भलतीच गोष्ट: एडिगस (मधलं शिश्न) पारदर्शक, व्होल्सेला (त्याच्या बाजूचे छोटे चिमटे) सुटून तळाला, पॅरामिअर आतल्या बाजूला मुडपलेले.

कारण बाटलीतच होतं. कॉस्टिक पोटॅश हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषतं. एकदा उघडलेली बाटली पावसाळ्यात आठवड्यात ओलसर गोळा होते. मग तराजूवर १० ग्रॅम दिसले तरी त्यातलं बरंचसं पाणी आणि कार्बोनेट. पहिलं द्रावण खरं १० टक्के होतं, दुसरं नव्हतं.

आता बाटली फोडली त्याच दिवशी सगळं साठ्याचं द्रावण करून ठेवतो, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख घालून. काचेचं बूच नको, ते अडकून बसतं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा.

वेळेचं गणितही इथलं वेगळं. थंड देशातला ‘रात्रभर, खोलीच्या तापमानाला’ आणि आमचा रात्री पंखा बंद असलेल्या लॅबमधला ‘रात्रभर’ यांत फार फरक. आम्ही आता कोमट पाण्यात ठेवलेल्या छोट्या काचेच्या वाटीत कॅप्सूल टाकतो आणि दर पाच मिनिटांनी भिंगाखाली बघतो. मांस पांढुरकं, फुगलेलं दिसायला लागलं की ब्रशच्या एका केसाने ते ढकलून काढता येतं. तिथेच थांबायचं. थांबवायला पाण्यात दोन थेंब व्हिनेगर, किराणामालाच्या दुकानातलं पांढरं चालतं. मग दोनदा स्वच्छ पाणी.

३१ जुलै

आणखी एक गोष्ट, तिच्यावर स्वतंत्र नोंद हवी.

फोनवरून पोळी येत होती, पण बाहेर नर दिसत नव्हते. विद्यार्थिनींपैकी एकीने सुचवलं की पोळ्यातल्या झाकलेल्या, कोश असलेल्या खोल्या फेकून न देता बरणीत ठेवू. कोशाला खाणं लागत नाही. बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा, आत ओल्या कापसाची गोळी. काही दिवसांत माश्या बाहेर यायला लागल्या, त्यांत नरही. आणि प्रत्येकाचं पोळं नक्की माहीत. सगळ्या कामातली ही सगळ्यात उपयोगी सूचना.

पण पहिले नर बाहेर आल्या दिवशीच गोठवले आणि पोटॅशमध्ये त्यांच्या कॅप्सूलचा लगदा झाला. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचं कवच अजून कोवळं, फिकट, मऊ असतं. कडा कुठे संपतात ते दिसत नाही, आणि जे दिसतं ते वाकलेलं. आता नरांना मधाचं पाणी देऊन चार-पाच दिवस जिवंत ठेवतो. रंग गडद झाला, कवच कडक झालं की मगच फ्रीजर. बरणीवर पोळ्याचा क्रमांक आणि बाहेर आल्याची तारीख, दोन्ही.

१० ऑगस्ट

आता बघण्याचं काम. ऑनलाइन मागवलेला यूएसबी मायक्रोस्कोप, २,२०० रुपये, पाण्यात गेले. जाहिरातीत हजारपट लिहिलेलं, प्रत्यक्षात कॅप्सूलचा धूसर पिवळा ठिपका. विकणाऱ्याने परत घेतला नाही. विभागातला जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप बाहेर काढला, नेत्रभिंगावर मोबाइल धरायची पट्टी बसवली, लोहार चाळीतून आणलेल्या एलईडी पट्टीवर बटर पेपरचे दोन पदर लावले. सगळं मिळून त्या यूएसबीच्या चौथाईत झालं आणि कितीतरी पटीने बरं दिसायला लागलं. सरळ एलईडी मारू नका, कवच चकाकतं आणि कडा पुसल्या जातात.

दिसलं ते असं. कॅप्सूल दोन-तीन मिलिमीटरची, रोपॅलिडियात आणखी लहान. बाहेरच्या बाजूला दोन रुंद पॅरामिअर, केसाळ, प्रत्येकाच्या टोकाला पुढे आलेला काटा. त्यांच्या आत, पोटाच्या अंगाला, व्होल्सेलाची जोडी, आणि प्रत्येक व्होल्सेलाचे दोन भाग: कस्पिस आणि डिजिटस. मधोमध एडिगस, टोकाशी चमच्यासारखा पसरट. ओलिव्हॅशियसमध्ये एडिगस कुशीवर वळवून मोठ्या मायक्रोस्कोपखाली १०० पट केला तेव्हा त्याच्या खालच्या कडेला बारीक दाते दिसले, एकसारखे नव्हेत, मुळाशी लहान आणि पुढे वाढत गेलेले. समोरून पाहताना त्यांचा मागमूस नव्हता. मामांनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “हे कोणी मोजत असेल असं वाटलं नव्हतं.”

फोटो एकाच फोकसवर काढून चालत नाही. कॅप्सूलची जाडी मोठी, वरचा भाग स्पष्ट झाला की खालचा जातो. मायक्रोस्कोपचं चाक थोडंथोडं फिरवत अनेक फोटो काढायचे आणि फुकट मिळणाऱ्या स्टॅकिंग सॉफ्टवेअरने एक करायचे. मोबाइलला हात लावला की थरथर येते, म्हणून हेडफोनच्या बटनाने फोटो काढतो.

१७ ऑगस्ट

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच कामाला खरी दिशा मिळाली.

एकाच पोळ्यातले दोन नर. एकाचं डिजिटस टोकदार, दुसऱ्याचं बोथट. पॅरामिअरचा काटा एकात लांब, दुसऱ्यात आखूड. विद्यार्थिनींनी उत्साहाने दोन स्तंभ आखून फरक लिहायला घेतले. एकाच पोळ्यातून, बहुधा एकाच आईचे, तरी दोन जाती? मी वॉच ग्लास, म्हणजे कॅप्सूल ठेवलेली उथळ काचेची वाटी, हातात घेऊन थोडी कलती केली. बोथट डिजिटस टोकदार झालं.

कॅप्सूल ग्लिसरीनमध्ये हवी तशी लोळते. प्रत्येक फोटो थोडा वेगळ्या कोनातून निघत होता आणि आम्ही जे ‘फरक’ टिपत होतो त्यातले बहुतेक कलाचे होते, माशीचे नव्हते. माझं मत इथे स्पष्ट आहे: गांधीलमाशीच्या जननांगांवर काम करताना आधी कोन पक्का करा, नाव नंतर. कोन न लिहिता दिलेली चित्रं आता मी आधाराला धरत नाही, कोणाचीही असोत.

कोन धरून ठेवायला हॅण्ड सॅनिटायझरचं पारदर्शक जेल कामी आलं. छोट्या वाटीत जेलचा थर, त्यात कॅप्सूल रोवायची, वर अल्कोहोलचे थेंब. कॅप्सूल जिथे ठेवाल तिथे राहते. जेलमध्ये बुडबुडे असतात, ते वाटी कोमट पाण्यावर थोडा वेळ ठेवली की वर येतात. महामारीतल्या बाटल्या घरोघरी पडून आहेतच, खर्च शून्य.

क्रम ठरवला. आधी पाठीकडून, मग पोटाकडून, मग डाव्या कुशीवरून. पाठीकडून बघताना दोन्ही पॅरामिअरचे काटे एकाच वेळी स्पष्ट दिसले पाहिजेत, नाहीतर तो फोटो रद्द. कुशीवरून बघताना उजवा पॅरामिअर डाव्याच्या मागे पूर्ण झाकला गेला पाहिजे. हे तीन फोटो होईपर्यंत कात्री लावायची नाही. त्यानंतर कॅप्सूल मधोमध उभी चिरून पॅरामिअरची आतली बाजू, व्होल्सेला आणि एडिगस वेगवेगळे. एका पोळ्यातल्या सगळ्या नरांना कधीच चिरू नका, एक तरी अखंड ठेवा.

जुन्या पद्धतीने काढलेले आमचे आधीचे सगळे फोटो बाद केले. पुन्हा पहिल्यापासून.

७ सप्टेंबर

गणपती. लॅब बंद. घरी मोदक आणि कॅप्सूलच्या नळ्या.

नळ्यांचं सांगते. जननांग ग्लिसरीनच्या छोट्या नळीत घालून ती नळी माशीच्याच टाचणीवर खोवतात, म्हणजे दोघांची ताटातूट होत नाही. त्यासाठीच्या खास नळ्या महाग, आणि मुंबईत शोधूनही मिळाल्या नाहीत. प्लास्टिकची बारीक नळी मेणबत्तीवर एका टोकाला बंद करून पाहिली. ग्लिसरीन झिरपलं, ते हवेतलं पाणी ओढत गेलं, चिठ्ठीवरची शाई पसरली. दोन चिठ्ठ्या वाचण्यापलीकडे गेल्या. नशिबाने वहीत नोंद होती.

शेवटी पीसीआरच्या ०.२ मिलिलिटरच्या नळ्या. मॉलिक्युलर बायोलॉजीच्या विभागात त्या खोऱ्याने मिळतात. झाकणाच्या कडेतून टाचणी जाते, झाकण घट्ट बसतं. ग्लिसरीन तळाला एक थेंब पुरे. आणि चिठ्ठी शाईच्या पेनाने नव्हे, पेन्सिलीने किंवा लेझर प्रिंटरवर.

२१ सप्टेंबर

छापील साहित्याशी ताडायला बसलो. बिंगहॅम यांचा १८९७चा खंड रंगरूप आणि जुनी नावं यांसाठी. दास आणि गुप्ता यांचा १९८९चा भारतीय सामाजिक गांधीलमाश्यांवरचा प्रबंध मुख्य आधार. अवयवांच्या रचनेसाठी स्नॉडग्रास यांचं १९४१चं काम.

अडचण अशी की जुन्या वर्णनांपैकी पुष्कळ मादीवरून केलेली. नर कुठे, कोणाचा, हे नंतरच्या माणसाला जुळवावं लागतं. त्यामुळे फुलावर उडताना पकडलेला नर, कितीही सुंदर असला, तरी नाव द्यायला कामाचा नाही. पोळ्यावरचा किंवा बरणीत निघालेला नर त्याच पोळ्यातल्या मादीशी बांधलेला असतो. मादी ओळख-किल्लीला लावायची, तिचं नाव नराला द्यायचं, मग त्या नराच्या कॅप्सूलशी खोक्यातला बेवारस नर ताडायचा. उलटी वाट धरली की सगळं हवेत.

दुसरी अडचण, एकाच भागाला वेगवेगळ्या लेखकांनी दिलेली वेगवेगळी नावं. वहीच्या पहिल्या पानावर कॅप्सूलचं रेखाचित्र काढून प्रत्येक भागापुढे कोण काय म्हणतो ते लिहून ठेवलं. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवली. पॉलिस्टिससाठी जननांग म्हणजे अंतिम निकाल नव्हे. युरोपात पॉलिस्टिस हेल्व्हेटिकस (आता अल्बेलस) ही जात २०१४ मध्ये वेगळी काढली गेली ती शरीराच्या बारीक मोजमापांनी आणि डीएनएने. आमच्या टेबलावरही तेच दिसतंय: पॉलिस्टिस आणि रोपॅलिडिया यांच्या कॅप्सूल डोळे मिटून वेगळ्या काढता येतील, पण जवळच्या दोन रोपॅलिडियांत फरक शोधताना आम्ही पुन्हा पुन्हा कोन तपासतोय.

५ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट सुरू. बुरशी गेली, आता ग्लिसरीन आटण्याची भीती नाही पण माणसं आटतायत.

एका सोसायटीने आम्हाला न कळवता कीटकनाशकवाल्याला बोलावलं आणि मग फोन केला. पोळं तेलकट औषधात भिजलेलं. माश्या चिकट, केस अंगाला चिकटलेले. इथाइल अॅसिटेटमध्ये दोनदा बुडवून, टिशूवर सुकवून बऱ्यापैकी साफ झाल्या. कॅप्सूलला काही झालं नव्हतं. आतल्या कोशांतून मात्र काहीच बाहेर आलं नाही.

त्याच पोळ्यातल्या एका नराच्या पोटाच्या खंडांमधून तपकिरी टोपणासारखं काहीतरी डोकावत होतं. हा स्ट्रेप्सिप्टेरा, गांधीलमाशीच्या पोटात वाढणारा परजीवी. ज्याच्या पोटात असा पाहुणा वाढला त्याच्या अंगाची वाढ नेहमीसारखी झाली असेल याची खात्री देता येत नाही. तो नर तुलनेतून बाहेर काढला, लाल चिठ्ठी लावून वेगळा ठेवला. नर निवडताना पोटाच्या खंडांच्या फटी बघायची सवय लावून घ्या, वरवर बघितलं तर हे सुटतं.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर खोकी नव्याने लावली.

पॉलिस्टिसच्या खोक्यातले बहुतेक नर ओलिव्हॅशियसशी जुळले, लालसर विटकरी झालेलेही. म्हणजे सायनाइडने रंगवलेल्या माश्यांना आता नाव आहे. पॉलिस्टिस स्टिग्मा मादीवरून ओळखली, तिच्या पोळ्यातला नर मिळाला नाही, त्यामुळे नरांच्या यादीत ती जागा रिकामी. रोपॅलिडियात मार्जिनाटाचे नर पोळ्यांसकट मिळाले आणि जुन्या खोक्यातले त्यांच्याशी नीट बसले. सायॅथिफॉर्मिस म्हणून चिठ्ठी असलेल्या नरांना मी अजून दुजोरा दिलेला नाही. त्यांच्या कॅप्सूल एकमेकांशी जुळतात, पण पोळ्यातून खात्रीने आलेला एकही नर ताडायला नाही. चिठ्ठी तशीच ठेवली, पुढे प्रश्नचिन्ह घातलं. लहान रोपॅलिडियांचं खोकं उघडलंही नाही.

खर्च: रसायनं, टाचण्या, पीसीआर नळ्या, एलईडी, मोबाइलची पट्टी, रिक्षा आणि लोकल धरून सात हजारांच्या आत, त्यात यूएसबी मायक्रोस्कोप हा शुद्ध तोटा. खरा खर्च वेळेचा. त्यातला अर्धाअधिक कोन न धरता काढलेल्या फोटोंत आणि ओल्या पोटॅशमध्ये गेला.

अखंड ठेवलेल्या कॅप्सूल, फोटो आणि वही पुण्याला, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात दाखवायच्या आहेत, तिथल्या संग्रहाशी सायॅथिफॉर्मिस ताडता येईल. पत्र गेलंय. दरम्यान, मुलुंडच्या एका गच्चीवरच्या पोळ्यात झाकलेल्या खोल्या पुष्कळ आहेत, सेक्रेटरी काकांनी पुढच्या रविवारपर्यंत हात लावू नका असं वॉचमनला बजावलंय.